दारासुरमला बंद पडणारी गाडी

मामा, थकले रे मी.

तू गेल्यापासून माणसं येतात, ओसरीवर बसतात, कॉफी पितात, 'फार चांगला माणूस' म्हणतात आणि चपला घालतात. चांगला म्हणजे कसा, ते कुणी सांगत नाही. मी सांगायला बसते तर तुझं-माझं भांडण आडवं येतं. ते अर्धंच राहिलं. भांडण अर्धं टाकून निघून जाणं याला मी पळपुटेपणा म्हणते, आणि तुझ्या तोंडावरही म्हटलं असतं. तू सुपारी या गालातून त्या गालात सरकवून एवढंच म्हणाला असतास, "नोटीसबाई, आधी जेवून घे."

हे नाव तूच ठेवलंस. आमच्या संघटनेची पत्रकं मी बसस्टँडवर वाटते, त्यांना इथं सगळे नोटीस म्हणतात, म्हणून मी नोटीसबाई. ती सगळी पत्रकं तमिळमध्ये. हे मराठीत लिहितेय, कारण तमिळ ही माझी रस्त्यावरची भाषा आहे आणि तू रस्त्यावरचा नव्हेस. आपली पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो हसतो, जुन्या नाटकातला सरदार बोलतोय म्हणतो. म्हणून मी त्यांच्या पुस्तकांतली मराठी शिकले. तू तिला 'इस्त्रीची मराठी' म्हणायचास. आज इस्त्रीचीच नेसून आलेय. निरोप द्यायला आलेय ना.

तर, तुझ्या आमैचा पंप मी उघडला.

तुला माहीत आहे तेच पुन्हा सांगतेय, कारण माझी सवय ती: आधी हकीकत, मग मागण्या. आमै म्हणजे कासव. तुझी ती जुनी विलायती गाडी पाठीनं गोल, चालीनं मंद, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिला आमै म्हटलं आणि तू ते नाव लावून घेतलंस. तिचा पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा, बॉनेटच्या आत, मागच्या पत्र्याला बसवलेला. किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी तो बोलतो. टक् टक् टक्. तूच शिकवलंस मला, "ऐक. भरभर बोलला म्हणजे तहानलाय. हळू झाला म्हणजे पोट भरलं. मुळीच बोलला नाही तर मोगरी घे." मग तंबूच्या खुंट्या ठोकायची ती लाकडी मोगरी घेऊन तू पंपाला हलकेच दोन टोले द्यायचास, झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवावं तसे, आणि तो पुन्हा बोलायला लागायचा.

साऱ्या कुंभकोणमला तू आवाज भाड्यानं दिलास, मामा. लग्नांना, देवळांना, निवडणुकीच्या सभांना, आणि माझ्या सभांना फुकट. तुझ्या माइक-सेटवर कोण कोण ओरडून गेलं. तू मात्र 'हॅलो, हॅलो, टेस्टिंग' याच्यापुढे त्या माइकवर कधी एक शब्द बोलला नाहीस. माझा राग तिथेच सुरू होतो.

अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, सेल्वमशी लग्न केलं, त्या वेळी तर तू बोलायला हवं होतंस. सेल्वम दारासुरमला रेशमाच्या मागावर बसतो. दुसऱ्या जातीचा, एवढाच त्याचा गुन्हा. बाकी त्याच्यात खोड काढायची तर तो फार हळू जेवतो. अप्पांनी त्या संध्याकाळी भजनाला उभं राहून, झांजा हातात, विठोबासमोर सांगितलं, "मी होऊन त्या पोरीच्या दारी जाणार नाही. माझ्या घरातलंही कुणी आपण होऊन जाणार नाही." आपल्या लोकांत झांजा हातात असताना बोललेला शब्द मागे घेत नाहीत. भांड्यांच्या दुकानात अप्पा भाव कमी करतील, दिलेला शब्द नाही करणार. आई रडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि ताटं घासत बसली, घासलेलीच.

मी दुसऱ्याच दिवशी टाऊन बसनं अक्काकडे गेले आणि घरी येऊन सांगितलं, जाऊन आले. मला कुणी काही बोललं नाही. माझं जाणं कुणी धरतच नाही. मी देवाच्या पाया पडत नाही, तेव्हा माझ्यासाठी शब्द मोडण्याचाही प्रश्न नाही. आईसाठी होता.

आणि मग एकादशी आली. तिरुक्करुगावूरला आत्याच्या घरी एकादशीचं भजन, आणि तिकडे जायचं ते तुझ्या आमैतून, दारासुरमवरून. पुढे तुझ्याशेजारी अप्पा, मांडीवर तंबोरा आडवा. मागे आई आणि मी. दारासुरमचं वळण घेतलं, आमैनं एक खोकला काढला, आणि बरोबर अक्काच्या दारासमोर ती बंद पडली.

तू उतरलास, बॉनेट उघडलंस, आत डोकं घातलंस. "पंप तापलाय. निवायला वेळ लागेल. अक्का, पाणी घे जाऊन आत. उन्हात बसू नकोस." आपल्या बहिणीला तू अक्काच म्हणायचास. दारात आमची अक्का पाण्याचा चंबू घेऊन उभी. गाडी बंद पडली तर बाईमाणसानं जवळच्या घरी पाणी मागावं, यात कुणाचा शब्द मोडत नाही. आई आत गेली. अप्पा गाडीतच बसून राहिले, काच वर करून, घामानं निथळत, समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघत.

पुढच्या एकादशीला पुन्हा. त्याच्या पुढच्या एकादशीला पुन्हा.

तू म्हणाला होतास, "या वळणावर खड्डे आहेत ना, हादऱ्यानं पंपाचा पॉइंट अडकतो." मी काय केलं? मी पत्रक काढलं! 'दारासुरमचा रस्ता की दारासुरमची खाण?' घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. एकदा मनात आलंही होतं, की विठोबा नाही तर नाही, खड्डा तरी आमच्या बाजूचा आहे. त्याच्यामुळे आईला लेक दिसते आणि मी त्याच्याच विरुद्ध सह्या घेतेय. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. रस्ता झाला. गुळगुळीत झाला. पुढच्या एकादशीला गाडी बंद पडली.

"हल्लीचं पेट्रोल," तू म्हणालास. "त्यात मद्यार्क मिसळतात. जुन्या पंपाचं रबर खातं ते." आणि मी दुसरं पत्रक काढलं. 'जुन्या गाडीवाल्यांनो, जागे व्हा!' तुझ्याच माइकवर तासभर ओरडले. तू कडेला खुर्चीत बसून माझा आवाज कमीजास्त करत होतास. हसत होतास का रे? मला वाटलं होतं, उन्हामुळे डोळे बारीक केलेत.

कधीकधी ती दुसरीकडेही रुसायची. साक्कोट्टैच्या लग्नाला जाताना रुसली, एकदा बाजारात रुसली. मी म्हणत राहिले, "मामा, नवा पंप बसव. नाहीतर कुणाला तरी दाखव." तू म्हणायचास, "माझ्या म्हाताऱ्याला परक्या माणसाचा हात चालत नाही." मला तू गाडी शिकवलीस, साध्या दिवशी चालवायलाही दिलीस, आणि माझ्या हाताखाली ती कधी बंद पडली नाही. "हात गुणाचा आहे तुझा," म्हणालास. एकादशीला मात्र कधी चालवू दिली नाहीस. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्यांची लबाडी चार गल्ल्या पलीकडून ओळखते म्हणून मी फुशारकी मारत असते.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. तुझ्या दुकानात, तू वायरींची भेंडोळी सोडवत होतास. मी म्हटलं, "आईनं लेकीला भेटायला गाडी बिघडायची वाट बघायची, ही काय रीत झाली? तू अप्पांचा मेहुणा. एकदा त्यांच्या तोंडावर सांग, चुकताय म्हणून."

"तोंडावर सांगितलं की माणूस तोंड सांभाळत बसतो," तू म्हणालास.

"म्हणजे कुणी बोलायचंच नाही?"

"तू बोलतेस ना. माइक माझा, आवाज तुझा. झालं की."

"तू भ्याड आहेस, मामा."

तू वायर वर धरलीस, गाठ दाखवलीस. "ही ओढली तर घट्ट होते. ये, बोटं लाव इथं."

मी बोटं लावली नाहीत. मला त्या वेळी कोडी नको होती. निघून आले. आठवड्याभरानं सकाळी तू कॉफीचा पेला हातात धरूनच गेलास. पेला सांडलासुद्धा नाही म्हणे. असा कसा रे तू?

तुला नेलं त्या दिवशी अक्का आली होती. गल्लीत समोर, शिंप्याच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहिली, सेल्वम तिच्या मागे. आईनं पाहिलं. अप्पांनी पाहिलं आणि मान वळवली. त्या एवढ्याशा गल्लीत कुणाच्या तोंडून 'ये' निघालं नाही. मी जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले आणि मनातल्या मनात पत्रक लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात जहरी. ते छापलं नाही. आवाज लावायला तू नव्हतास.

मग तुझे दिवस झाले. आणि पुन्हा एकादशी जवळ आली. आदल्या दिवशी अप्पा जेवताना पानाकडे बघून म्हणाले, "आमै निघेल का?"

आई वाढता वाढता थांबली. "कोण नेणार?" तिनं विचारलं.

"ही आहे ना."

म्हणून मी बॉनेट उघडलं. किल्ली फिरवली. पंप गप्प. मोगरी घेतली, हलके दोन टोले दिले. गप्प. जोरात दिले. गप्प. म्हातारा तुझ्याबरोबरच गेला, असं वाटून मी चाकाला टेकून थोडा वेळ रडले. इथं कुणी बघत नाही म्हणून लिहिते.

मग तूच शिकवलेलं आठवलं. आधी टाकी बघितली. पेट्रोल होतं. मग तुझ्या दुकानातून दोन वायरी लावलेला छोटा बल्ब आणला. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरं पंपाला वीज येते त्या स्क्रूला. बल्ब लागला. म्हणजे वीज पंपापर्यंत येतेय. टोपण काढलं, आत पॉइंट बघितले, वीज जोडणारी-तोडणारी ती टोकं. मला वाटलं होतं काळेठिक्कर जळलेले असतील, इतकी वर्षं अडकतायत म्हणजे. मामा, ते चकचकीत होते. आतलं रबर नवंकोरं, मऊ. नव्या पंपालाही लाजवेल अशी तू त्याची निगा राखलेली. मग हा बोलत का नाही?

राहता राहिलं अर्थिंग. पंपाच्या अंगातून वीज परत गाडीच्या पत्र्यात जायला हवी, नाहीतर तिचा फेरा पुरा होत नाही. एक मोकळी वायर घेतली, पंपाचं अंग पत्र्याला जोडलं. टक् टक् टक् टक्! इतका भरभर बोलायला लागला की मी दचकले.

मग पंपाच्या बुडाशी बघितलं. तू त्याच्याखाली रबराच्या चकत्या घातल्या होत्यास. हादरे बसू नयेत म्हणून असतील, असं मी धरून चालले होते. त्या चकत्यांमुळे पंप पत्र्याला चिकटतच नव्हता. त्याची अर्थिंगची काळी वायर शेजारच्या बोल्टला लागायची ती न लागता पत्र्यातल्या भोकातून आत गेलेली, पायाखालच्या चटईच्या खालून, तुझ्या सीटखाली. मी हात घातला. कापडी टेप गुंडाळलेलं, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं एक काळं बटण. टिक्, पंप बोलतो. टिक्, पंप गप्प.

दोन आंदोलनं, मामा! तू मला दोन आंदोलनं करायला लावलीस!

मी हसले, मग रागावले, मग नुसतीच त्या तेलकट फरशीवर बसले. घरी आल्यावर तू ते बटण बंद करून ठेवायचास आणि निघताना चालू करायचास, एवढं सोपं होतं. तुझं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून मोठा होता. तू एका बाईला लेकीला भेटायची वाट काढून दिलीस, आणि जिनं वाट अडवली ती भिंत तशीच ठेवलीस. तिच्यावर चुना मारलास. मी ठरवलं, तुझं बटण मी वापरणार नाही. मी सरळ थांबेन आणि सरळ बोलेन.

एकादशीला निघालो. अप्पा पुढे, तंबोरा मांडीवर. आई मागे, एकटी, तुझी रिकामी जागा आता माझी झाल्यामुळे. दारासुरमचं गुळगुळीत वळण घेतलं आणि अक्काच्या दारासमोर मी ब्रेक दाबला. आतून मागाचा खटखटाट येत होता, तो थांबला. अक्का चंबू घेऊन दारात आली. इंजिन चालू होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "गाडी बंद पडलेली नाही. मी थांबवलीय. हे अक्काचं घर आहे. ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरावं."

भाषण चांगलं झालं होतं. मला वाटलं, आता दार उघडेल.

आईचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिनं मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. "असं कशाला बोललीस गं?" ती अगदी हळू म्हणाली. "आता मी कशी उतरू?"

मामा, इतके दिवस मला वाटायचं, खरं बोललं की वाट मोकळी होते. मी खरं बोलले आणि आईच्या तोंडावर दार लावलं. आपण होऊन जायचं नाही असा तो शब्द होता, आणि मी तिला आपण होऊनच उतरायला सांगत होते. अक्का पायरीवर उभी, हातातला चंबू कलून पाणी सांडत होतं. तिला पुढे येता येईना, आईला बाहेर जाता येईना, आणि मधे मी, स्टेअरिंग धरून, मुद्दे संपलेली.

अप्पा नारळाच्या झाडाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या सीटखाली बटण आहे."

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"माइक-सेटवाल्याला वाटायचं, सीटखाली हात घातलेला कुणाला दिसत नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही नुसते..."

"पोदुम्," अप्पा म्हणाले. पुरे. "दाब. ऊन चढतंय."

मी बटण दाबलं. पंपाची टकटक थांबली. इंजिन मात्र चालूच. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालणारच. तू बटण कुठे दाबायचास ते मला तेव्हा कळलं. अलीकडे, चहाच्या टपरीजवळ, म्हणजे बरोबर दारात येऊन बंद पडावी. तो अंदाज माझ्याकडे नाही. त्यामुळे आम्ही सगळे वाट बघत बसलो. अप्पा, आई, मी, पायरीवर अक्का, आणि आता तिच्या मागे सेल्वमही. सगळ्यांना माहीत, काय चाललंय ते. इंजिन आपलं गुरगुरतंय. आईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. शेवटी आमैनं खोकला काढला आणि ती गप्प झाली.

"बंद पडली," अप्पा म्हणाले, दुकानात भाव सांगावा तसं.

मागचं दार उघडलं. आई गेली.

मी मोगरी घेऊन उतरायला लागले, तर अप्पा म्हणाले, "तू जा आईबरोबर. मी बघतो."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"बिघडलेलं नाही त्यात कळायचं काय असतं?"

आणि अप्पा उतरले, मामा. तंबोरा सीटवर ठेवून, अंगवस्त्र कमरेला बांधून. तू असेपर्यंत गाडीशी खटपट करणारा कुणीतरी होता, म्हणून ते आत बसू शकत होते. आता बिघाड खरा वाटायला कुणीतरी बाहेर उभं राहायला हवं होतं.

हे पुरेसं नाही. लिहून ठेवते, पुरेसं नाही. अप्पा रस्त्यावर आहेत, उंबरा तिथेच आहे, सेल्वमकडे त्यांनी मान वर करून बघितलेलं नाही. तू असतास तर आपण यावर पुन्हा भांडलो असतो. मी म्हटलं असतं, बघ, अजून शब्दच सांभाळतायत. तू म्हणाला असतास, जेवून घे. तुला भ्याड म्हटलं ते मी मागे घेत नाही. अर्धं घेते. उरलेलं अर्धं तुझ्याकडे राहू दे, वाद चालू राहील.

अप्पांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत नुसते बघत राहिले, आणि मोगरीनं हॉर्नला दोन टोले घातले.

अक्का पायरी उतरून आली. चंबू बॉनेटच्या कडेला ठेवला.

"ते नव्हे, अप्पा," ती म्हणाली. "मामा इथं मारायचा."

"कुठे?" अप्पांनी विचारलं.

तिनं बोट दाखवलं.